ज्याची किक, त्याची फेरी

समजा, दसऱ्याची सकाळ आहे आणि तुम्ही बीबीच्या सडकेवर एका पत्र्याच्या शेडसमोर उभे आहात. समोर १९३८ सालची एरियल फटफटी मागच्या स्टँडवर चढवून ठेवली आहे. ती तुम्हाला चालू करायची आहे. आधी टाकीखालचा पेट्रोलचा कॉक उघडा. मग कार्बोरेटरवरची बारीक घुंडी दाबत राहा, बोटाला पेट्रोलचा गारवा लागेपर्यंत. डाव्या मुठीजवळ क्लचशिवाय दोन लहान पट्ट्या दिसतील. एक स्पार्क मागे घेण्याची. ती विसरलात तर किक उलटी येते, आणि मग घोट्याचे काय होते ते सांगायला गावात दोन माणसे आहेत. दुसरी पट्टी दाबून धरली की इंजिनात कोंडलेली हवा निघून जाते आणि किक हलकी होते. तशीच किक हळूहळू खाली न्या, पट्टी सोडा, किक वर येऊ द्या. आता सगळे अंग टाकून एकच लांब किक मारा.

इंजिन लागले तर गाडी तुमची, ओढ्याच्या पुलापर्यंत जाऊन परत येईपर्यंत. नाही लागले तर बाजूला व्हायचे, पुढच्याला जागा द्यायची.

दयाराम गवई मिस्त्रींचा हा नियम होता. ज्याची किक, त्याची फेरी. शेजारच्याने हात लावायचा नाही, मिस्त्रींनी तर नाहीच नाही.

माझे वडील साखरखेर्ड्याला वांगी, मिरची पिकवतात. घरात यंत्र म्हणावे असे काही नव्हते. एक सायकल होती, तिचीही चेन मिस्त्रींच्या शेडमध्येच बदललेली. वडिलांबरोबर बीबीच्या बाजाराला गेलो की मी माळव्याच्या टोपल्या उतरवून शेडकडे पळायचो. पुढे डिप्लोमाला गेल्यावर मला या गाड्यांची चित्रे पुस्तकात दिसली. तेव्हा कळले की आपण जे पाहत होतो ते बऱ्याच शहरांतसुद्धा पाहायला मिळत नाही.

मिस्त्रींकडे चार गाड्या होत्या. सगळ्या दुसऱ्यांनी टाकून दिलेल्या. लढाई संपल्यावर लष्कराने लिलावात काढलेली एक बीएसए. तिच्यावरचा हिरवा रंग त्यांनी मुद्दाम तसाच ठेवला होता. एक नॉर्टन, जिला आठ वर्षे मागचे चाकच नव्हते. तिसरी ही एरियल. आणि चौथी एक जुनी फोर्ड सर्व्हिस मोटार, निदान तिचा पुढचा अर्धा भाग. लढाईच्या काळात पेट्रोल मिळत नव्हते तेव्हा ही मोटार कोळशाच्या गॅसवर मेहकर-खामगाव धावायची. मागे पिंपासारखी भट्टी असायची. क्लीनर अर्धा तास आधी येऊन पंख्याचे हँडल फिरवत निखारे फुलवायचा, तेव्हा कुठे मोटार निघायची. चढ लागला की पॅसेंजर उतरून चालायचे आणि वर जाऊन मोटारीची वाट पाहत विड्या ओढायचे. ते पिंपही मिस्त्रींनी जपून ठेवले होते. आता त्या सडकेने एस.टी. धावते. चढावर कोणी उतरत नाही, वाट पाहत विडी ओढत कोणी बसत नाही, आणि त्या पिंपात काय जळत होते हे विचारणारेही फार उरले नाहीत.

दसऱ्याचा दिवसच का, हेही सांगितले पाहिजे. त्या दिवशी आपल्याकडे लोक अवजारे, मोटारी धुतात, हार घालतात, कुंकू लावतात. मिस्त्रीसुद्धा लावायचे. छप्पन्न सालच्या दसऱ्याला ते आणि जनकाबाई नागपूरला गेले आणि धम्मदीक्षा घेऊन परत आले. पुढच्या वर्षी दसरा आला तेव्हा पूजा करायची नव्हती, आणि गाड्या तर सवयीने धुऊन पुसून तयार. मिस्त्री मला म्हणाले होते, "आता फुलं तं वाहाची नाहीत. मंग ह्या धुतल्या कायच्यासाठी? म्हटलं, माणसं बसवू."

सकाळी वस्तीत वंदना झाली की दहा वाजता ते शेडची फळी काढायचे आणि गाड्या एकेक करून सडकेच्या कडेला आणायचे. पहिल्या वर्षी गावातलीच माणसे आली. नंतर ही गोष्ट पसरली. मेहकरचे शालिग्राम सेठ आपली ऑस्टिन मोटार घेऊन येऊ लागले. देऊळगावचा एक कंपाउंडर जुनी एन्फील्ड आणायचा. नियम त्यांच्या गाड्यांनाही तोच. शालिग्राम सेठ पहिल्यांदा कुरकुरले होते. "मिस्त्री, माझ्या गाडीचं हँडल असं कोणाच्याबी हातात कसं देऊ?" मिस्त्री म्हणाले, "नका देऊ. पण मंग इथं काऊन आणली? घरी झाकून ठेवा." सेठांनी दिले. त्या वर्षी निवृत्ती नावाच्या एका मेंढपाळाने हँडल मारून ऑस्टिन चालू केली आणि सेठांना शेजारी बसवून पुलापर्यंत नेऊन आणले. चालवायची माहिती त्याला अजिबात नव्हती. सेठांना उतरल्या उतरल्या दोन कप चहा लागला.

एरियल मात्र वेगळी होती. ती आधी भगवंतराव देशमुखांची.

भगवंतराव साखरखेर्ड्याचे. अडतीस साली त्यांनी ती नवी घेतली तेव्हा परगण्यात दुसरी फटफटी नव्हती. दयाराम तेव्हा अठरा वर्षांचे, देशमुखांच्या वाडीवर सालदार. भगवंतरावांचे धोतर पांढरे स्वच्छ. ते अंगणात येऊन उभे राहायचे आणि हाक मारायचे, "दयाऱ्या, चालू कर." मग पेट्रोल उघडणे, घुंडी दाबणे, स्पार्क मागे घेणे, किक मारणे, सगळे दयारामने करायचे. गाडी धडधडू लागली की मालक पुढे येऊन बसणार आणि जाणार. चार वर्षे असे चालले. या चार वर्षांत दयाराम त्या गाडीवर एकदाही बसले नाहीत. बसायची मुभाच नव्हती. गाडी स्टँडवर लावून, उजव्या बाजूला जमिनीवर उभे राहून, डाव्या पायाने ते किक मारायचे. मी त्यांना शेवटपर्यंत तशीच मारताना पाहिले आहे, स्वतःच्या शेडमध्ये, स्वतःच्या गाडीला.

"बसून मारा ना," मी एकदा म्हणालो.

"पायाले आता हेच ठाऊक हाय," ते म्हणाले. "तुमच्या कॉलेजात शिकवते तशी मारून पाह्यली. एक डाव लागली नाही."

लढाई चालू असताना ते लष्करात भरती झाले, झाशीला मोटार दुरुस्तीच्या कारखान्यात फिटर झाले. सेहेचाळीसला परत आले. एरियल तेव्हा देशमुखांच्या गोठ्यात पडली होती. चालू करणारा गेल्यावर ती कोणी फारशी काढलीच नाही. टाकीवर कोंबड्या बसायच्या. बावन्न साली भगवंतरावांनी गोठा साफ करायला काढला आणि भंगार न्यायला मिस्त्रींनाच निरोप पाठवला. मिस्त्रींनी ती बैलगाडीत घालून बीबीला आणली आणि तीन वर्षांत उभी केली. काही भाग बीएसएचे लावले, काही स्वतः घडवले.

गाडी चालायला लागली, पण मिस्त्रींचे समाधान होईना. त्यांची अडचण मला तेव्हा विचित्र वाटायची. ही गाडी नवी असताना कशी चालत होती, चढावर कशी ओढायची, हाताला किती कंप यायचा, हे त्यांना माहीत नव्हते. त्यांनी फक्त जागेवर उभी असतानाचा आवाज ऐकला होता. तो आवाज त्यांनी कानाने जुळवून आणला होता. बाकीचे सांगू शकणारा माणूस एकच. म्हणून दर दसऱ्याला ते साखरखेर्ड्याला निरोप पाठवायचे. अनेकदा तो निरोप माझ्या वडिलांनीच नेला. भगवंतराव ऐकून घ्यायचे, "बरं" म्हणायचे आणि यायचे नाहीत.

जनकाबाईंना हे पटत नसे. "चार वर्षं टेकू देल्लं नाही त्यानं तुम्हाले त्या गाडीवर. अन् तुम्ही त्याले चिठ्ठ्या धाडता. लगन हाय का घरात?"

"लगन नाही. मले फक्त विचारायचं हाय, पह्यल्यासारखी चालते का."

"मी सांगतो चालते म्हून. झालं?"

"तू बसली होती का तिच्यावर तेव्हा?"

"तुम्ही तरी कुठं बसले होते?" जनकाबाई म्हणायच्या, आणि विषय तिथेच संपायचा, पुढच्या दसऱ्यापर्यंत.

सदुसष्ट सालच्या दसऱ्याला भगवंतराव आले.

मी सुटीवर होतो, नॉर्टनपाशी उभा होतो. साडेअकराच्या बसमधून ते उतरले. वय साठीच्या पुढे, धोतर तसेच पांढरे, खांद्यावर उपरणे, हातात काठी. आदल्या वर्षी त्यांचे मोठे दुखणे झाले होते. सडकेवर तीसचाळीस माणसे होती, ती आपोआप बाजूला झाली. समोरच्या हॉटेलातून कचरू चहावाला कपबशी पुसत बाहेर आला. गावात घडणाऱ्या प्रत्येक गोष्टीवर बोलायचा हक्क कचरूने स्वतःकडे घेतलेला होता.

मिस्त्री कापडाला हात पुसत पुढे गेले. ते काय म्हणून हाक मारतात याकडे सगळ्यांचे कान होते. पूर्वी ते "मालक" म्हणायचे.

"या भगवंतराव," मिस्त्री म्हणाले.

"आलो बुवा, दयाराम," भगवंतराव म्हणाले, आणि एरियलजवळ गेले. टाकीवरून हात फिरवला. "हिचा रंग लाल होता."

"लाल भेटला नाही. हाच जवळचा होता."

"बसू का?"

"बसा ना. पण नियम ठाऊक हाय न तुम्हाले?"

"ऐकला." भगवंतरावांनी काठी मिस्त्रींच्या हातात दिली, धोतराचा सोगा खोचला आणि गाडीवर बसले. नीट बसले, बसायची सवय अंगात होती. मग त्यांनी सरळ किकवर पाय ठेवला आणि दाबला. किक अर्ध्यात अडली. पुन्हा दाबली. पुन्हा अडली. पेट्रोलचा कॉक बंदच होता. स्पार्कची पट्टी पुढे होती. त्यांनी तिकडे पाहिलेसुद्धा नव्हते.

तेव्हा सगळ्यांच्या लक्षात आले. गाडी त्यांची होती, पण चालू करायची माहिती त्यांना कधीच नव्हती.

"मिस्त्री, मारून द्या एक," मागून कोणीतरी म्हणाले. "बुढ्ढा माणूस हाय."

"काऊन बे?" कचरू म्हणाला. "मागल्या साली माह्या सासऱ्यानं सात किका मारल्या. मिस्त्रीनं मारून देल्ली का? तोबी बुढ्ढाच होता. सात किका मारून बिनफेरीचा घरी गेला, अन् अजून मले बोलते."

लोक हसले. भगवंतराव हसले नाहीत. मिस्त्रींचा चेहरा मला दिसत होता. दहा वर्षे ज्या माणसाची वाट पाहिली तो गाडीवर बसला होता. एक किक मारून दिली असती की गाडी निघाली असती आणि पुलावरून परत आल्यावर हवे ते उत्तर मिळाले असते. पण किक मारून द्यायची म्हणजे पुन्हा उजव्या बाजूला जमिनीवर उभे राहायचे. तेही सगळ्या गावादेखत, दसऱ्याच्या दिवशी. शेडच्या दारात जनकाबाई उभ्या होत्या. त्या आत गेल्या नाहीत.

मिस्त्री फिरून गाडीच्या डाव्या बाजूला गेले. काठी बगलेत धरली, हात मागे बांधले.

"भगवंतराव, मी सांगतो तसं करा. टाकीखाली कॉक हाय, पितळेचा. आडवा हाय तो उभा करा."

भगवंतरावांनी चाचपून कॉक फिरवला.

"आता खाली वाका. थे घुंडी. दाबा. आणखी. बोट ओलं झालं का?"

"हो, झालं."

"लेकीन धोतराले पुसू नका," कचरू म्हणाला, आणि या वेळी भगवंतरावही थोडे हसले. त्यांनी बोट उपरण्याला पुसले.

मिस्त्रींनी एकेक पायरी सांगितली. स्पार्क मागे. दुसरी पट्टी दाबून किक खाली. पट्टी सोडा. किक वर. मागे बांधलेले हात सोडून ते खुणा करत होते, पण गाडीला बोटही लावत नव्हते. पहिली किक कोरडी गेली. दुसऱ्या किकला गाडी एकदा धडधडून विझली. भगवंतरावांच्या कपाळावर घाम आला. तिसरी मारण्याआधी त्यांनी स्वतःच पुन्हा घुंडी दाबली, न सांगता. मिस्त्रींनी मान हलवली. तिसऱ्या किकला एरियल लागली.

तो आवाज ज्यांनी ऐकला नाही त्यांना कसा सांगावा कळत नाही. प्रत्येक ठोका वेगळा ऐकू येतो. दोन ठोक्यांच्या मधल्या जागेत वाटते, आता थांबणार. आणि थांबत नाही.

गाडी स्टँडवरून उतरवली. भगवंतरावांनी क्लच दाबला, पहिला गिअर टाकला. तेवढ्यात जालन्याची बस येऊन बरोबर मधोमध उभी राहिली. टपावरून कोणाची तरी खाट उतरवायची होती. बांधलेली दोरी सुटेना. कंडक्टर आणि खाटेचा मालक यांचे भांडण लागले. दोनतीन मिनिटे सहज गेली. भगवंतराव गिअरमध्ये गाडी ठेवून, क्लच दाबून तसेच बसून होते. मिस्त्री डाव्या बाजूला उभे राहून त्यांच्या मुठीकडे पाहत होते.

बस गेली. सडक मोकळी झाली. भगवंतरावांनी गाडी न्यूट्रल केली, क्लच सोडला आणि सीटवरून मागे सरकून टाकीमागची जागा मोकळी केली.

"दयाराम," ते म्हणाले, "माझे हात कापून राह्यले. तू बस पुढं. मी मागं बसतो."

"हे नियमात बसते का?" एकाने हळूच विचारले.

"किक त्यानं मारली, फेरी त्याची," कचरूने निवाडा दिला. "फेरीवर कोणाले पुढं बसवाचं अन् कोणाले मागं, थे त्याचं तो पाहीन."

मिस्त्रींनी काठी माझ्या हातात दिली आणि गाडीवर बसले. पुढे दयाराम गवई, मागे भगवंतराव देशमुख, उपरणे वाऱ्यावर. ते दोघे पुलाच्या वळणाला दिसेनासे झाले तरी आवाज येत होता. जनकाबाई दारातून सडकेपर्यंत आल्या होत्या.

परत आल्यावर मिस्त्रींनी गाडी बंद केली आणि खाली उतरून, इतकी वर्षे घोकून ठेवलेला प्रश्न विचारला. "पह्यल्यासारखी चालते का?"

"मागं बसून मले काय समजणार?" भगवंतराव म्हणाले. "मी हिच्यावर मागं कधी बसलोच नाही. पुढच्या दसऱ्याले येतो, मी चालवीन, मंग सांगतो." उतरून त्यांनी विसकटलेले उपरणे झटकले, नीट घडी घालून खांद्यावर टाकले, चहा घेतला आणि दीडच्या बसने गेले.

पुढच्या चैत्रात ते वारले. निरोप वडिलांनीच बीबीला नेला. मिस्त्री साखरखेर्ड्याला गेले, अंत्यविधीला मागे उभे राहिले आणि परत आले.

मला वाटले होते, आता ते गाडीच्या चालीचा विचार करत बसतील, कारण सांगणारा गेला. तसे झाले नाही. चालीबद्दल ते पुन्हा बोललेच नाहीत. मी डिप्लोमा संपवून एस.टी.च्या डेपोत लागलो. अधूनमधून बीबीला उतरायचो. अशाच एका दुपारी ते नॉर्टनच्या चाकाला आरे भरत बसले होते. मला म्हणाले, "इंजिनेर, त्या एरियलचा क्लच दाबून पाहा बरं."

मी दाबला. त्या क्लचची स्प्रिंग फार कडक आहे. आमच्या डेपोतला स्प्रिंगचा काटा आणून मी पुढे मोजलेही. क्लचच्या पट्टीच्या टोकाला जवळजवळ दहा किलोचा जोर लागतो. दोन मिनिटांत माझी बोटे दुखू लागली आणि पट्टी थरथरायला लागली.

"कापते न?" मिस्त्री म्हणाले. "तुह्या वयात कापते. मी त्या दिवशी त्याचा हात पाहत होतो. क्लच सुटून गाडी पुढं सरकन का, म्हून पाहत होतो. बस उभी होती तवधर पट्टी हालली नाही. तसूभर नाही."

मी माझ्या शिक्षणाला शोभेल असे काहीतरी सांगितले. काही माणसांचा हात घट्ट धरल्यावर स्थिर राहतो आणि सोडल्यावर कापतो, असे डॉक्टर सांगतात.

"हाव, मीबी तसंच धरून चाललो होतो," ते म्हणाले. "पण उतरल्यावर त्यानं उपरण्याची घडी घातली, काठाले काठ लावून. चहाची बशी भरून पेला. एक थेंब सांडला नाही. कचरूले विचार."

"मग तुम्हाला पुढे बसवायचं होतं त्यांना," मी म्हणालो. "चार वर्षं बसू दिलं नव्हतं, ते त्यांनी अशा रीतीने..."

"थे मले समजते, बे." त्यांनी आरा बसवला, चाक फिरवून डोळ्यासमोर धरले, वाकडे कुठे जाते ते पाहिले. "बसवाचं होतं, चांगलं झालं. पण मंग सरळ म्हणाचं होतं न, दयाराम, तू बस म्हून. सगळं गाव उभं होतं, जनका उभी होती. हात कापतात, हे काऊन सांगतलं असंन त्यानं?"